ओके म्हणेपर्यंत हसायचं

एकशे सतरा वेळा मेलेला माणूस आमच्या शेजारी राहतो, असं मी नागपूरला बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "गिरजे, अमेरिकेत जाऊन तुझं डोकं फिरलं बाई."

फिरलं नाही. भार्गवनकाका खरंच तितक्या वेळा मेले. चाळीस वर्षं मल्याळी सिनेमात काम केलं, पण वाट्याला कायम मरणारा माणूस. कुणी विहिरीत ढकललं, कुणी विष घातलं, कुणी ट्रकखाली घेतलं. आता ते इथे अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात मुलाकडे राहतात, मी माझ्या मुलीकडे. रोज सकाळी आम्ही दोघं कम्युनिटीतल्या तळ्याभोवती फिरायचो आणि मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचो. इथे मराठीत सांगते.

त्यांच्याकडचा एक रिवाज त्यांनी मला सांगितला. प्रेताचा सीन झाला की नटाने तसंच उठून जायचं नाही. कॅमेरा चालू ठेवतात, त्यात बघून हसायचं, डायरेक्टर 'ओके' म्हणेपर्यंत. नाहीतर ते मरण अंगाला चिकटतं म्हणे. एकदा ते तिरडीवर पडलेले असताना गावाहून फोन आला, त्यांचे वडील गेले. शूटिंगच्या त्या मेल्या मॅनेजरने बातमी दाबून ठेवली. काका दोन तास प्रेत होऊन पडले, मग कॅमेऱ्यात बघून हसले, ओके झालं, आणि मग त्यांना सांगितलं.

"आधी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"सीन वाया गेला असता," ते म्हणाले. अस्सा राग आला मला!

फेब्रुवारीत कोचीहून एका नव्या डायरेक्टरचा फोन आला. आजोबांचा रोल, चांगला मोठा. काका तळ्यावर नाचायचेच बाकी होते. "गिरजाबाई, या सिनेमात मी शेवटपर्यंत मरत नाही!" फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून पुढचं बोलायला त्यांनी मुलाचा, शिवचा नंबर दिला. तिथेच चुकलं. रोज बदकांपुढे डायलॉग म्हणायचे आणि मला विचारायचे, "तारीख कळवतील ना?" मी म्हणायचे, कळवतील हो, जरा दम धरा.

महिन्याभराने माझ्या मुलीने, मैत्रीने, तिचा फोन माझ्यापुढे धरला. काकांचा फोटो, त्याला हार, खाली शेकडो जोडलेले हात. मी घरातल्या चपलांवरच धावले. काका किचनमध्ये आयपॅड घेऊन बसले होते. त्या डायरेक्टरनेच लिहिलं होतं, मुलाशी बोलल्यावर दुःखद बातमी कळली, हा रोल आता दुसरे करतील.

शिव तिथेच उभा होता. "रोज फोन करायचे ते डायरेक्टर, काकू. ऐन मीटिंगमध्ये. तीनदा नाही म्हटलं. डॅडींचं हार्ट असं, तिकडे चार महिने कोण बघणार त्यांना? मला रजा नाही. शेवटी वैतागून सांगून टाकलं, ही इज नो मोअर. ते असं पोस्ट करतील हे मला काय माहीत!"

"मग आता खरं सांग!" मी ओरडले.

त्याने टेबलावरच्या पांढऱ्या फुलांकडे बोट दाखवलं. त्याच्या ऑफिसातल्या मल्याळी लोकांनी कालच बातमी वाचून पाठवलेली. ऑफिसच्या मॅनेजरने आपणहून पाच दिवसांची रजा दिली होती आणि या बहाद्दराने ती घेतली होती. "आता खोटं निघालं तर जॉब जाईल, काकू. जॉब गेला की व्हिसा. मुलांची शाळा. सगळंच." बापाला घेऊन जायला रजा नव्हती, बाप मेल्याची मिळाली! वाटलं, एक ठेवून द्यावी कानाखाली.

काकांनी एवढंच विचारलं, "दुसरे म्हणजे कोण, ते लिहिलंय का?"

शनिवारी ऑफिसची माणसं भेटायला यायची होती. शिवने काकांना मागच्या दाराने आमच्याकडे आणून सोडलं, गोळ्यांच्या डबीसकट. आमच्या खिडकीतून त्यांचं दार दिसतं. गाड्या येत होत्या, पांढऱ्या कपड्यातली माणसं उतरत होती, कुणाच्या हातात जेवणाचे ट्रे होते. "माझ्या शंभराव्या सिनेमालाही एवढी माणसं नव्हती आली," काका म्हणाले. मी पोहे केले. त्यांनी खाल्ले नाहीत.

"थांबा, मी जाऊन सांगते सगळ्यांना," मी म्हटलं. "जिवंत आहे माणूस, माझ्या घरात बसलाय!" दारापर्यंत गेलेसुद्धा. मैत्रीने हात धरला. "आई, प्लीज. मीही व्हिसावरच आहे ना. यात पडू नकोस." आणि मी, एवढी तोंडाची फटकळ बाई, मुकाट्याने परत फिरले. सांगायला लाज वाटते.

काका सगळं बघत होते. त्यांनी हाताने केस नीट केले, शर्टाचं वरचं बटण लावलं. "फोन काढा, गिरजाबाई. हसायचं राहिलंय."

मी फोन धरला. ते थेट कॅमेऱ्यात बघून हसले. छान हसले, सगळे दात दाखवून. मी फोन धरून उभी, ते हसतायत. गाल थरथरायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. बाहेर आणखी एक गाडी येऊन लागली.

ओके मी म्हणायचं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि ते हसतच राहिले.