कप्तानांचं शिशाचं सैन्य

कप्तान लढाईआधी साबणाने हात धुऊन यायचे. आयुष्यभर जहाजावर स्वयंपाकी होते. पण परदेशी बंदरांतून जमवलेलं, बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या सैनिकांचं अख्खं सैन्य त्यांच्याकडे होतं, म्हणून आमच्या तोंडवली गावाने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. जेवणाच्या टेबलावर चादर पसरायची, खाली पुस्तकं सारून डोंगर करायचे, फासे टाकायचे आणि पट्टीने मोजून सैनिक पुढे सरकवायचे. समोर मी. हरायला.

मी तसा या विषयातला जाणकार. अशा टेबलावरच्या युद्धखेळांवरून केलेल्या व्हिडिओ गेम्सची तुलना करणारे लेख मी इंटरनेटवर लिहितो. लांबलांबचे लोक माझ्याशी वाद घालतात. कप्तान वाद घालत नसत, नुसते हरवत.

मेलेला सैनिक ज्याचा त्यानेच उचलायचा, हा त्यांचा नियम. "तुयाच मराक धाडलंस ना? मगे तुयाच उचल." माझी निम्मी संध्याकाळ प्रेतं उचलण्यात जायची.

पुढे साखरेने त्यांची नजर नेली. टेबलावरचे सैनिक दिसेनासे झाले. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावरचं तेवढं जेमतेम दिसे. "माका कम्प्युटरातली लढाई बघून दी. खेळल्याशिवाय माका जमाचा नाय," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी आठ दिवस खपून बारा रकान्यांचा तुलनात्मक तक्ता केला आणि तीन गेम्स घेऊन लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडला.

पहिल्यात सगळं सैन्य एकदम धावत सुटतं. "इतकी घाई कित्याक? बोट सुटता काय?" दुसऱ्यात पाळीपाळीने खेळायचं, पण फासे दिसत नाहीत, नव्वद टक्के नेम लागेल असं सांगतो आणि चुकतो. "फासो लपवता तो चोर." तिसऱ्यात फासे, पट्टी, सगळं टेबलासारखं. माझ्या तक्त्यात त्याला बारापैकी बारा. कप्तान तासभर खेळले, जिंकलेसुद्धा. मग म्हणाले, "हरल्यार ह्यो तोंड वाकडा करता?"

"नाय, काकानू."

"मगे जिंकान उपयोग काय?"

हा रकाना मी केलाच नव्हता.

पुन्हा टेबल मांडलं. ते हुकूम सोडायचे आणि दोन्ही सैन्यं मी हलवायचो. आता सांगूनच टाकतो. एका डावात मी माझं घोडदळ दोन बोटं जास्त पुढे सरकवलं. ज्याला दिसत नाही अशा माणसासमोर. कप्तानांनी घोडे चाचपले, चादरीवर वीत टेकवली आणि पुढचा हुकूम सोडला. तरीही मी हरलोच.

मी माझी प्रेतं उचलत असताना ते हळूच म्हणाले, "दोन बोटां फुडे काढलंस, तरी हरलंस. येत्या रविवारी सरळ खेळ."

शनिवारी कप्तान गेले. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

महिन्याने त्यांच्या मुलीने ते सगळं सैन्य खोक्यात भरून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "पप्पा सगळ्यांका सांगीत, गावात सरळ खेळणारो तूच एकटो."

मी खोका उचलला आणि तिच्याकडे न बघता घरी आलो.