सासूबाईंना साडी विकताना

धाकटीची शाळा सुरू झाली आणि दुपारी घर खायला उठायला लागलं. पारनेर सोडून आम्ही नगरला आलो होतो, नवरा एमआयडीसीत शिफ्टला जायचा. मी नोकरी शोधायला लागले. एका मॉलमध्ये कमी वयाच्या मुलीच हव्या होत्या, मोबाईलच्या दुकानात इंग्रजी विचारलं. मग बचत गटाच्या ग्रुपवर कुणीतरी एका साडीच्या दुकानाचा फोटो टाकला. दारावर पाटी होती: 'सेल्ससाठी महिला पाहिजेत.'

सासूबाई तेव्हा गावाहून आमच्याकडं आल्या होत्या. "एकटी कशाला जातीस? मी येते संगं," म्हणाल्या. मुलाखतीला कुणी सासूला नेतं का? पण मलाही जरा धीर हवाच होता.

दुकानात पाऊल टाकलं तसं एका सेल्समननं आम्हाला हेरलं. "या मावशी, बसा! लग्नासाठी बघायची का नेहमीची?" मी "अहो, आम्ही..." म्हणेपर्यंत त्यानं पहिली साडी उलगडलीसुद्धा. सासूबाईंनी गादीवर ऐसपैस मांडी घातली. मी त्यांना कोपरानं ढोसलं, तर मलाच म्हणाल्या, "बघू दे की. बघायला काय जातंय?"

त्यांनी काठ बघितले, पदर बघितले, दारात उजेडाला नेऊन रंग बघितले. चहा आला, तोही घेतला. समोर साड्यांचा ढीग झाला तेव्हा सेल्समननं विचारलं, "मग मावशी, कोणती देऊ?"

"साडी नको रं बाबा," सासूबाई निवांतपणे म्हणाल्या. "माज्या सुनंला नोकरी पायजे."

मला तोंड कुठं लपवू असं झालं. तेवढ्यात गल्ल्यावरून मोठ्यानं हसू आलं. शेठ होते. त्यांनी मला बोलावलं.

"आधी कुठं काम केलंय?"

"नाही. पण शिकेन."

शेठनी त्या ढिगाकडं बघितलं. "मग असं करा ताई, यातली एक साडी सासूबाईंना विकून दाखवा."

झालं! आमच्या गावात दारावर येणारा कासारही सासूबाईंना बघून पुढच्या घरी जायचा. तरी मी गादीवर बसले.

"आत्याबाई, ही जांभळी बघा."

"मला उठून दिसत न्हाई."

"मग ही हिरवी?"

"हिरव्या लई हायत घरात."

आपण कशाला आलोय हे त्या साफ विसरल्या होत्या. हळूहळू मीही विसरले. मोरपंखी साडी खांद्यावर टाकून उभी राहिले. "वळ बरं जरा," त्या म्हणाल्या. मी वळले. "पदर पसरून दाव." दाखवला.

शेजारच्या गादीवर लग्नाचा बस्ता बांधायला एक मोठं कुटुंब बसलं होतं. त्यातली नवरीची मावशी आमच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "अहो ताई, तुमच्या खांद्यावरची जरा इकडं द्या ना." मी दिली. तिनं ती नवरीच्या खांद्यावर धरली, आणि नवरी लाजून हसली. मग तशीच, पण दुसऱ्या रंगातली करवलीला हवी झाली. सेल्समननं वरच्या फळीवरून काढून माझ्या हातात टाकली, मी उलगडली. दोन्ही बस्त्यात गेल्या.

इकडं सासूबाई पदर सावरत उठल्या. "मला एकबी पटली न्हाई."

मी शेठकडं बघितलं. ते म्हणाले, "यांना मलासुद्धा विकता आली नसती. सोमवारपासून या."

मी हो म्हणणार, तोच सासूबाई गल्ल्याशी गेल्या. "दिवसभर उभं ठिवता का बायकांना?"

"नाही मावशी, गिऱ्हाईक नसलं की बसतात."

"आन् लेकरू आजारी पडलं तर?"

"सुट्टी देतो."

"मग येईल ती," सासूबाईंनी जाहीर केलं.

पहिल्या दिवशी माझी एकही घडी जागेवर राहिना. त्याच सेल्समननं शेजारी बसून घडी घालायला शिकवलं. दुपारी कोपरगावकडचं एक वऱ्हाड टेम्पो भरून आलं. संध्याकाळपर्यंत बोलून बोलून माझा घसा बसला होता. घरी आले तर नवऱ्यानं खिचडी लावली होती, खालून चांगलीच करपलेली. मी पुन्हा वाढून घेतली आणि बसलेल्या घशानंच सगळ्यांना त्या वऱ्हाडाच्या गमती सांगत बसले.