माग बंद असतानाचं गणित

माझी भाची दीक्षा घाबरट मुळीच नाही. नारपोलीच्या आमच्या गल्लीत कुत्रा अंगावर आला, तर माघार कुत्राच घेतो. पण त्या मंगळवारी ती कॉलेजातून आली तेव्हा तिचे हात गार पडले होते.

अकरावी सायन्सला फिजिक्सची एक वरची बॅच असते. तिथं प्रवेश परीक्षांचं अवघड फिजिक्स शिकवतात. सातवीपासून इंजिनिअर व्हायचं म्हणणाऱ्या दीक्षाला तिथंच बसायचं होतं. त्यासाठी फिजिक्सच्या हरेश सरांनी वर्गात एक पेपर सोडवायला दिला आणि म्हणाले, "घरी स्वतःच तपासा. तुमची तयारी आहे का, ते शनिवारी तुम्हीच सांगा." सोळा वर्षांच्या पोरांवर निर्णय टाकून आपण मोकळं व्हायचं, ही असली हुशारी मला आवडत नाही.

"आत्या, पेपर कोरा राहिला माझा," दीक्षा म्हणाली.

"अभ्यास नव्हता केलास?"

"सगळा केलेला. म्हणून तर भीती वाटतेय."

तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ रवींद्र, राहनाळच्या गोदामातून ड्युटी करून आला. "झेपत नसेल तर साध्या बॅचमध्ये बस. कोण काय बोलणार हाय?" त्यानं हे मायेनंच म्हटलं, पण पोरगी आणखीच पांढरी पडली.

आमच्या घराची मागची भिंत लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, कारखान्याला लागून आहे. दिवसभर खटखट चालू, ताटातला चमचासुद्धा वाजतो. त्या भिंतीला पाठ लावून दीक्षा पहिलीपासून शिकली; तिची शाळाही अशाच खटखटीत होती. बुधवारी दुपारी तिथंच बसून तिनं तोच पेपर पुन्हा काढला. उतारावरून घसरणारा ठोकळा सुटला, त्याच्या पुढचंही गणित सुटलं. मी भाजी चिरता चिरता मनात म्हटलं, पोरगी उगाच घाबरली.

तेवढ्यात लाईट गेली. लूम थांबले, आणि दीक्षाची पेन्सिलही थांबली.

"काय गं? खिडकीतून उजेड आहे की."

"आत्ता येत होतं. गेलं." तिनं भिंतीला हात लावून पाहिला. "पेपरच्या वेळी वर्गात असंच शांत होतं, आत्या."

एवढ्या वर्षांत हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हणजे मी फक्त ह्या भिंतीपाशीच हुशार," ती म्हणाली आणि रडायला लागली. मलाही तेच वाटत होतं.

शुक्रवारी लूमना सुट्टी. त्या दिवशी आमच्याकडे धुणं काढतात, झोपा काढतात, पाहुण्यांकडे जातात. पुस्तक कुणी उघडत नाही. त्या शुक्रवारी मात्र दीक्षा नवी गणितं घेऊन बसली. बराच वेळ कागद कोराच होता. तिच्या कपाळावर घाम आला. मला ते बघवेना. मी मोरीपाशी गेले आणि मुद्दाम पातेली आपटत घासायला लागले, जरा खडखडाट झाला तर पोरीला आधार होईल म्हणून.

"आत्या, भांडी ठेव खाली."

"अगं, तुझ्यासाठीच—"

"माहितीय. पण उद्या मी सरांना वरच्या बॅचसाठी हो म्हणणार हाय, आणि तिथं तू नसशील."

मी हात पुसून गुपचूप बसले. पेन्सिल हलली तेव्हा तिचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला.