आगीपाशी बसवलेला माणूस

दिवाळीचा आकाशकंदील उतरला की आमच्या घरातला एक माणूस हळूहळू कमी होऊ लागतो. आधी त्याचं बोलणं जातं, मग पेपर वाचणं, मग दाढी करणं. हा माणूस म्हणजे माझा नवरा. अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो. भर मे महिन्यात, काळा कोट अंगाला चिकटलेला असताना, समोरच्या वकिलाशी तावातावाने भांडून येतो आणि वर मला विचारतो, आज चहात साखर टाकायची विसरली का म्हणून. तोच माणूस थंडी पडली की पांघरूण डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करतो. ऊन सोसून सोसून भाजून निघालेल्या वऱ्हाडाला हिवाळा म्हणजे सुख. मला मात्र सकाळचं नळाचं पाणी गार लागू लागलं की मी यांच्या तोंडाकडे पाहू लागते.

दर वर्षी संक्रांतीच्या पुढेमागे हे आपोआप ताळ्यावर यायचे. म्हणून आम्ही त्याला 'यांचा थंडीतला आळस' म्हणून मोकळे व्हायचो. गेल्या हिवाळ्यात आळसावर भागेना. कोर्टाच्या तारखा चुकू लागल्या. ज्युनियर वकील घरी येऊन दारातूनच परत जाऊ लागला. एकदा ताटावर बसले आणि भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसून राहिले, वरण गार होईपर्यंत. शेवटी मी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे, दुखऱ्या गुडघ्याचं निमित्त सांगून नेलं.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, यांना घरात कोंडू नका, सकाळचं ऊन अंगावर पडू द्या, चालवा, शेतात न्या, माणसांत न्या. मग यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जगू नये असं कधी वाटतं का?" यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "छे हो! आमच्याकडे असं काही नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हे टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले.

मग मी कंबर कसली. पहाटेचं फिरणं वडाळीच्या तलावावर. हे कानटोपी घालून बुटांकडे पाहत चालायचे, मी शेजारून यांच्याकडे पाहत चालायची. तलावाकडे कोणीच पाहत नव्हतं. एका रविवारी वरूडकडे ओळखीच्यांच्या संत्र्याच्या बागेत नेलं. तिथे सगळे झाडाखालीच संत्री सोलून खात होते, हे एक संत्रं हातात घेऊन उभे. परत निघालो तेव्हाही ते संत्रं तसंच हातात. पुढच्या रविवारी एकांच्या शेतात हुरडा खाल्ला. त्या दिवशी यांनी चटणी मागून घेतली, तर माझा आनंद गगनात मावेना. चटणी मागितली हो, चटणी! घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं.

यांना कोणीही काही म्हणू नये म्हणून मी बाहेर कोणालाच काही सांगितलं नव्हतं. वकिलाचं डोकं ठिकाणावर नाही असं कळलं तर पक्षकार उभा राहील का? दिराला फोनवर सांगायची, सर्दी आहे, काम फार आहे. माहेरीही तेच. थापा मारायला बसलं की त्याही सुचत जातात.

दिराचं शेत बाळापूरजवळ आहे. पौषातल्या एका रविवारी त्याने रोडग्यांना बोलावलं. गाडी मीच चालवत होते, कारण यांनी दिवाळीपासून गाडीला हात लावला नव्हता. मूर्तिजापूर मागे पडलं, अकोला आलं, गेलं. हे काचेतून बाहेर पाहत होते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीची वाळलेली रानं, सगळं यांच्या डोळ्यांसमोरून जात होतं, आत काही जात होतं की नाही देव जाणे.

रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, पदर घालून वळलेले आणि गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजलेले. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि वरून तुपाची धार. आमच्या सासरी कणीक बायका मळतात, पण आग पुरुषांची. त्यातही यांची. लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे, रोडगे भाजायला हेच बसणार, दुसऱ्या कोणाला काडीही घालू देणार नाहीत. आणि नियम एकच: रोडगे आत गेले की आगीपाशी बसलेला माणूस उठत नाही. उठला की एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चं पीठ.

मी हाच नियम मनाशी धरून आले होते. शेत म्हटलं की मला आधी विहीर आठवते, आणि त्या हिवाळ्यात विहीर आठवली की मी हातातलं काम टाकून हे कुठे आहेत ते पाहून यायची. का, ते मी स्वतःशीसुद्धा कधी नीट बोलले नव्हते. आज आगीपाशी बसवलं की हे दोन तास जागचे हलणार नाहीत, आणि मला दोन तास श्वास घेता येईल, एवढंच माझं गणित होतं.

दिराने गोवऱ्या रचून पेटवल्या, विस्तव झाल्यावर यांना दगडावर बसवलं. हातात चिमटा दिला. यांनी तो घेतला. राख सारखी केली, एकेक रोडगा आत सरकवला, अगदी पूर्वीसारखा, बोटं न पोळू देता. जाऊ मला कोपराने ढोसून म्हणाली, "भाऊजीले सर्दी हाय म्हने! पाह्य बरं, कसे रंगून बसले." मी हसले. वांगी चिरता चिरता अर्धं लक्ष यांच्या पाठीवर ठेवलं.

भाजीला कोथिंबीर कमी पडली. जाऊ म्हणाली, चाल बाई, वाफ्यातून खुडून आनू. वाफा शेताच्या पलीकडच्या टोकाला. मी नको म्हणणार होते, पण काय कारण सांगणार? गेले. खुडताना ती तिच्या लेकीच्या कॉलेजचं काहीतरी सांगत होती आणि मी हं हं करत होते.

परत आलो तर दगड रिकामा. चिमटा खाली पडलेला, आगीतून करपल्याचा वास येत होता.

मी विहिरीकडे झेपावले. हातातली कोथिंबीर कुठे पडली कळलं नाही. काठावर हात टेकून आत वाकले. पाणी खाली काळं, स्थिर. त्यात फक्त माझं डोकं दिसलं. "अहो!" मी ओरडले. "अहो!" शेतात कापूस वेचणारे दोघेतिघे पुरुष होते, सगळ्यांनीच मान वर केली. अहो कोणाला म्हणतात? मग माझ्या तोंडून यांचं नाव निघालं. नुसतं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर कधी नाही. एकदा निघालं आणि थांबेचना. मी विहिरीवर उभी राहून नवऱ्याला नावाने हाका मारत होते आणि दीर वाटेतली घमेली उधळत धावत येत होता.

दूर हरभऱ्याच्या वावरातून एक डोकं वर आलं. कानटोपी. हे पलीकडच्या बांधावर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. उठले, आणि सावकाश, धोतर नसूनही धोतर सावरल्यासारखे चालत आले. मी खालीच बसले.

जावेला हसू आवरेना. "का वं ताई, नावानं? इतक्या वर्षांचं राखून ठेवलं अन् आज वावरभर वाटलं!" दीरही हसला. "दादा, आग सोडून कुठी गेलता? कोळसा झाला नं बाप्पा रोडग्यांचा."

मला वाटलं, आता हेही हसतील आणि मी सर्दीचंच काहीतरी जुळवून सांगेन. जिभेवर शब्द आलेही होते.

"तिले वाटलं मी विहिरीत गेलो," हे म्हणाले.

जावेचं हसू तिथेच थांबलं. दीर माझ्याकडे पाहायला लागला, मग यांच्याकडे. "काहून दादा? असं काहून वाटनार?"

"बरोबर वाटलं तिले." आवाज कोर्टातला नव्हता, घरातलाही नव्हता. "दिवाळीपासून डोक्यात येऊन राह्यलं. आज तुमी आग पेटवली ते विहिरीपाशीच. पाणी जवळ म्हणून. मी बसलो तिथं, अन् ते दिसतच राह्यलं समोर. मले तिथं बसवेना. म्हणून उठून दूर गेलो."

मी यांना जिथे बांधून ठेवलं होतं, ती जागा विहिरीपासून चार पावलांवर होती. आमच्याकडे रोडग्यांची आग नेहमी तिथेच पेटते, म्हणून कोणीच पाहिलं नाही. मीही नाही. मी फक्त यांच्या पाठीकडे पाहत होते.

मग दिराने खांद्यावरचं उपरणं काढलं, डोळ्यांना लावलं आणि भावाच्या शेजारी मातीतच फतकल मारून बसला. एवढा मोठा माणूस, त्याने यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही.

मी फोन काढला. डॉक्टरांचा नंबर लावला. रविवार होता, तरी त्यांनी उचलला. मी मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "डॉक्टर, तुम्ही यांना जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मी दिलं होतं. ते खोटं होतं. त्यांना तसं वाटतं. आजही वाटलं."

त्यांनी आज संध्याकाळीच घेऊन या म्हटलं, तोवर एकटं सोडू नका म्हटलं, आणि विचारलं, "आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे?"

मी पाहिलं. जाऊ यांच्या पाठीशी उभी होती, पदर तोंडात धरून. दिराने हात धरलेलाच होता.

"सगळे आहोत," मी म्हणाले.