पायांवरचं पांघरूण

कुशीनगरच्या मंदिरात बुद्धांची निजलेली मूर्ती आहे. गळ्यापर्यंत केशरी वस्त्र पांघरलेलं, पाय तेवढे उघडे. नागपूरहून आलेल्या, पांढऱ्या साडीतल्या एका आजींनी त्या पायांवर डोकं टेकवलं आणि मग वस्त्राचा काठ हळूच ओढून ते झाकले.

मी हसून म्हटलं, "आजी, मूर्तीला कसली थंडी?"

"देव असते तं झाकले नसते, बाप्पा. मानूस होते ते. मानसाचे पाय गार पडतात."

माझं हसू तिथंच विरलं. शेवटी शेवटी आईचे पाय असेच गार पडायचे.

सगळं अनित्य आहे, हे त्या निजलेल्या माणसाचं सांगणं मला पटतं. तरी थंडी पडली की आईच्या रिकाम्या पलंगावर मी तिची गोधडी पसरते, आणि पायांकडची बाजू नीट खोचते.