पॅनेलबाहेरची नोटरी

माझी सही दुसऱ्या कुणी करायची, ही कल्पनाच मला सहन होत नाही. नवरा याला हट्ट म्हणतो. मी म्हणते, ही वकिली आहे.

पुण्यात मी बरीच वर्षं एका बँकेच्या वकिलांच्या पॅनेलवर होते. घरासाठी कर्ज मागणाऱ्याची फाइल माझ्याकडे यायची, मी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन जुने दस्त धुंडाळायचे आणि मालकी स्वच्छ आहे की नाही याचा सर्च रिपोर्ट द्यायचे. फी कर्जदार भरणार, वकील मात्र बँकेचा, असा सगळा मामला. त्या कामात एक सवय अंगात मुरली. कुलमुखत्यारपत्र दिसलं की चष्मा पुसून पुन्हा वाचायला बसायचं. भावाने बहिणीकडून घेतलेलं, मुलाने आईकडून घेतलेलं. सही खरीच असायची, पण त्या बाईला विचारलं तर तिची समजूत अशी, की आपण लाइटच्या मीटरसाठी सही दिली.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि कोविडच्या काळात आइंडहोव्हनजवळच्या एका गावात घर घ्यायला निघालो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, मुलीची शाळा पलंगावर आणि मी ओट्यापाशी उभी, दोघांना आळीपाळीने ‘म्यूट कर’ म्हणून ओरडत. घर हवंच होतं. मिळालंही, आणि तेही सगळे मागितलेल्या किमतीच्या वर बोली लावत असताना.

इथे घर नोटरीसमोर तुमचं होतं. हा नोटरी म्हणजे आपल्याकडचा कोर्टाबाहेर छत्रीखाली शिक्का मारणारा माणूस नव्हे. खरेदीचा आणि कर्जाचा, दोन्ही दस्त तोच करतो आणि सही करणाऱ्याला ते नीट समजलेत याची खात्री करणं हे त्याचं कायद्याने ठरलेलं काम. मी सायकल काढली आणि गावातल्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर ज्यांचं ऑफिस होतं, त्या नोटरीबाईंना भेटून आले. साठीच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. कोविडमुळे त्यांनी सह्यांचं टेबल मागच्या गच्चीच्या दारात हलवलं होतं. “दार उघडं ठेवते. तुम्ही दोघं बाहेरच्या बाजूला बसा, मी आतून वाचते. कोट घालून या,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. मला बाई तिथल्या तिथे आवडल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या कर्ज-सल्लागाराचा फोन आला. कर्ज देणाऱ्या कंपनीचं नोटरींचं स्वतःचं पॅनेल होतं आणि या बाई त्यात नव्हत्या. त्याने अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या बड्या कंपन्यांच्या भागातलं एक मोठं ऑफिस सुचवलं. “तुम्हाला जायलाही नको. मुखत्यारपत्र पाठवा, तिथला कर्मचारी तुमच्या दोघांच्या वतीने सही करेल.”

“कोणता कर्मचारी?” मी विचारलं.

“त्या दिवशी जो ड्यूटीवर असेल तो.”

मी नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर घरात जुंपली.

“अगं, इथे कोणी फसवत नाही,” नवरा म्हणाला.

“फसवतात असं मी कुठे म्हटलं? मला माझ्या घराचा दस्त माझ्या कानांनी ऐकायचाय.”

“आणि ऑफर एक्स्पायर झाली तर? लोन गेलं की घर गेलं. मागे लाइन लागलीये.”

त्याचं खोटं नव्हतं. पण या देशात आल्यापासून प्रत्येक कागदावर माझ्या नावापुढे ‘जोडीदार’ एवढंच लिहिलेलं होतं. राहण्याचं परमिट त्याच्यामुळे, विमा त्याच्यामुळे, फ्लॅटही त्याच्या नावावर. माझी म्हणून पहिली सही होणार होती ती या कर्जावर. ती ड्यूटीवरच्या माणसाने करायची? माझं डोकंच फिरलं.

पुन्हा सायकल, पुन्हा बेकरी. नोटरीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या कोरडं हसल्या. “होते मी त्या पॅनेलवर. वर्षभरात पुरेशा फाइली होत नाहीत म्हणून काढलं. कुणी कळवलंसुद्धा नाही. एक दिवस कंप्युटरवर त्या कंपनीचं नाव दिसेनासं झालं.”

मग मी माझं सांगितलं. पुण्यात एका बिल्डरच्या जमिनीत दोन बहिणींचा हिस्सा असाच मुखत्यारपत्रावर विकलेला होता. मालकी स्वच्छ नाही, असा रिपोर्ट मी दिला. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त फाइली यायच्या थांबल्या.

“राग आला?” त्यांनी विचारलं.

“अजून आहे.”

“हं.”

“तुम्ही पुन्हा अर्ज करा,” मी म्हणाले.

“एका घरासाठी?”

“एका घरासाठी.”

“तुमच्याकडचे सगळे असेच असतात?”

“नाही. माझा नवरा केव्हाच झुइडासला तयार झाला होता.”

पॅनेलवाले काय मागतात ते मला पाठ होतं. व्यवसायाचा विमा, पक्षकारांच्या पैशाचं वेगळं खातं, तक्रारी नसल्याचा दाखला. ते बाईंनी जमवलं आणि कंपनीच्या मागे मी लागले. हेल्पडेस्कवरचा एक तरुण म्हणाला, सिस्टिम परवानगी देत नाही. मी म्हटलं, सिस्टिम कुणीतरी बनवली असेल ना, त्याचा नंबर द्या. असं करत करत एका वरिष्ठ बाईंपर्यंत पोचले. त्याही घरूनच काम करत होत्या, मागे कुत्रा भुंकत होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ऑफर संपायला आली असताना होकार दिला. फक्त या एका दस्तापुरता, आणि सहीची तारीख हलणार नाही या अटीवर. इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं, असं सल्लागार म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं, कौतुक असेल असं समजून.

सहीच्या दिवशी बोचरी थंडी होती. आम्ही कोट, टोप्या, मास्क घालून दारात बसलो. बाई एकेक कलम डचमध्ये वाचायच्या, मग इंग्रजीत समजावायच्या. नवरा मीटिंगमध्ये बसल्यासारखा मान डोलवत होता. मग ते कलम आलं. दोघांपैकी प्रत्येक जण संपूर्ण कर्जाला जबाबदार. एक नसेल तर सगळं दुसऱ्यावर.

“समजलं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“हो, हो. क्लिअर.”

मग माझ्याकडे वळल्या. हे कलम मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण त्याच हिवाळ्यात नवऱ्याला कोविड झाला होता. मी ताट बेडरूमच्या दाराशी ठेवायचे आणि इकडच्या बाजूला बसून त्याचा खोकला ऐकायचे. तेव्हा जे विचारायची हिंमत झाली नाही, ते आता समोर छापून आलं होतं. मला भीती वाटली.

“नाही,” मी म्हणाले. “नाही समजलं.”

“अगं, तुला नाही समजलं?” नवरा मराठीत कुजबुजला.

“कलम समजलं. तू नसलास तर मला या घरात राहता येईल का, ते नाही समजलं.”

बाईंना मराठी येत नव्हतं, म्हणून मी तेच त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि ऑफिसातल्या मुलीला सांगितलं, पुढच्या पक्षकारांना थांबायला सांग. मग त्या पहिल्यापासून सुरू झाल्या, या वेळी फक्त माझ्याशी बोलत. घराचा कोणता हिस्सा काहीही झालं तरी माझाच राहील, विमा कशाला पुरेल, कशाला पुरणार नाही, मृत्युपत्र का लगेच करायला हवं, परमिटचं कुणाला विचारायचं. एकही गोष्ट त्यांनी गोड करून सांगितली नाही. नवऱ्याचं मान डोलवणं थांबलं होतं. तो ऐकत होता.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यांनी पेन उचललं आणि आधी माझ्यापुढे केलं.