ओढ्याकाठच्या बाभळी आणि आत्या

आमची आत्या ओढ्याचं गढूळ पाणी घरी आणायची. प्यायला नव्हे, बघायला! पाऊस उघडला की तांब्या भरून ओट्यावर ठेवायची आणि तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळून म्हणायची, "आज पाटलाचं रान वाहून आलं की." मोडनिंबाकडच्या आमच्या खेड्यात, एकोणीसशे तीस सालाच्या आसपास, बायका तिला हसायच्या. मला मात्र तिला त्यात काय दिसतं याचं भारी कुतूहल. डोकावून डोकावून मान दुखायची, पण मला आपला चिखलच दिसे.

आत्या विधवा, आमच्याकडेच राहायची. ओढ्याकाठच्या बाभळींवर तिचा पहारा. कुणी लाकूड मागितलं की पहिला प्रश्न, "कशाला?" औताला हवं असेल तर दाटीतली एखादी दाखवायची आणि वर बजावायची, "काठावरच्या झाडाला हात लावू नगंस."

माझ्या वडिलांना, तात्यांना, हे मुळीच पटत नसे. सावलीत ज्वारी धरत नाही, म्हणायचे. एका उन्हाळ्यात आत्या माळशिरसला पाहुण्यांकडे गेल्याचं साधून त्यांनी सगळा काठ मोकळा केला. पेरणीची चार तासं, म्हणजे चार ओळी, जास्तीची निघाली म्हणून खूश! पावसाळ्यात आत्याने गाळ चोळला, पुन्हा एकदा चोळून पाहिला. मग म्हणाली, "तात्या, ही आपली माती हाय रं." जाऊन पाहिलं तर नवी तासं गेलीच होती, बांधही ओढ्यात.

ती भांडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेळ्यांना बाभळीच्या शेंगा चारल्या आणि लेंड्यांतून बिया वेचत बसली. शी! मी नाक दाबलं. "शेळीच्या पोटातनं आलेलं बी लवकर उगवतंय, बग तू," ती म्हणाली. उगवलं खरंच. रोपांभोवती काट्यांचं कुंपण तात्यांनी स्वतः घातलं, कुणी न सांगता.

वर्षं गेली, बाभळी वाढल्या. एका रब्बीला ऐन पेरणीत बी पेरायची लाकडी पाभर मोडली. ओल उडत चाललेली. पेरणी हुकली तर वर्षभर खायचं काय? तात्या कुऱ्हाड घेऊन गेले आणि तसेच परत आले. हात धजेना. आत्या अंथरुणाला खिळलेली, तिथूनच कडाडली, "तोड की! पूजा कराया लावल्यात व्हय? काठ सोड, दाटीतली घे."

पेरणी साधली. ज्वारीची कणसं निसवून बाहेर पडायच्या आत आत्या गेली.

पुढच्या वर्षी औताला पुन्हा लाकूड हवं होतं. तात्या गेले, पण घावाचा आवाज येईना म्हणून मी बघायला गेले. ते एकेका खोडाला हात लावत फिरत होते. मला पाहून म्हणाले, "पोरी, आता कुणाला इचारू गं?"